नैतिक हॅकिंगचे शिक्षण

संगणकप्रणालीच्या मालकाची संमती घेऊन तिच्यावर हल्लेखोराच्याच पद्धतीने आघात करणे व आढळलेली वैगुण्ये मालकास कळविणे, या कार्यास नैतिक हॅकिंग म्हणतात. चोराचे व रखवालदाराचे तंत्र येथे एकच असल्याने ते विद्यापीठात शिकवावे काय, हा वाद या विषयाच्या इतिहासात वारंवार उद्भवला आहे.

प्रारंभ लष्करी क्षेत्रात झाला. एकाच संगणकावर अनेकजण एकाच वेळी काम करू लागल्यावर गुप्त माहितीच्या रक्षणाचा प्रश्न उभा राहिला. अमेरिकी हवाई दलातील पॉल कार्गर व रॉजर शेल यांनी मल्टिक्स या प्रणालीत शिरकाव करून तीत चोरवाट ठेवता येते, हे १९७४ च्या अहवालात दाखवून दिले. केन टॉमसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात अशाच चोरवाटेचे विवेचन केले; मात्र संगणकांत घुसणाऱ्या तरुणांना वृत्तपत्रे नायक ठरवितात, याबद्दल तीव्र नापसंतीही व्यक्त केली.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या पदव्युत्तर विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रती काढीत पसरणारी आज्ञावली मॅसॅचूसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील संगणकावरून जाळ्यात सोडली. सुमारे ६,००० यंत्रे बाधित झाल्याचा तत्कालीन अंदाज होता. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात आपत्कालीन प्रतिसाद-केंद्र स्थापन झाले. मॉरिस १९९० मध्ये दोषी ठरला; त्याला परिवीक्षा, दंड व ४०० तास समाजसेवा अशी शिक्षा झाली. पुढे तो त्याच मॅसॅचूसेट्स संस्थेत प्राध्यापक झाला, हे लक्षणीय आहे.

कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाने २००३ मध्ये संगणक-विषाणू लिहिण्याचा अंतर्भाव असलेला अभ्यासक्रम जाहीर करताच विषाणुरोधक उद्योगाने आक्षेप घेतला. असे शिक्षण घेतलेल्यांना नोकरी देणार नाही, असेही सांगण्यात आले. विद्यापीठाने बाह्य जाळ्यापासून अलग ठेवलेल्या प्रयोगशाळेत तो चालविला. आक्षेपकांची भीती अगदीच निराधार नव्हती. तथापि रोग न पाहता वैद्य घडविण्याचा त्यांचा आग्रह टिकण्यासारखा नव्हता. स्कॉटलंडमधील डंडी येथील ॲबर्टे विद्यापीठाने २००६ मध्ये नैतिक हॅकिंग याच नावाची पदवी सुरू केली.

भारतातील माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यात हॅकिंगची व्याख्या माहितीच्या नाशावर व हानीवर आधारलेली होती. २००८ च्या दुरुस्तीने (अंमल २००९) तो शब्द वगळून, परवानगीवाचून व अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केलेला प्रवेशही दंडनीय ठरविला. त्यामुळे विद्यार्थ्याने कुतूहलापोटी परक्या प्रणालीची परीक्षा घेणे धोक्याचे ठरते.

या शिक्षणानंतर भेद्यता-चाचणी, हल्ल्यानंतरचा प्रतिसाद, संगणकीय न्यायवैद्यक इ. क्षेत्रांत काम मिळते. यांपैकी चाचणीचे काम हाती घेणारा प्रथम लेखी करार करतो. कोणती यंत्रे तपासावयाची, कोणत्या वेळी, कोणते प्रयोग वर्ज्य आणि यंत्रणा बंद पडल्यास कोणास कळवावयाचे, हे त्यात नमूद असते.