चांदरचा वाडा

गोव्यात आलेला प्रवासी प्रथम जुने गोवे पाहतो. ‘बॉम जेझस’चे भव्य मंदिर, व्हाइसरॉयची कमान ही राजसत्तेची व धर्मसत्तेची स्मारके होत. सत्तेला स्वतःविषयी जे सांगावयाचे होते, तेवढेच ती सांगतात. ज्यांच्यावर राज्य केले गेले त्यांच्या मनाचा ठाव घ्यावयाचा, तर सासष्टीतील चांदर गावी जावे.

चांदर म्हणजे प्राचीन चंद्रपूर. भोजांची आणि पुढे कदंबांची राजधानी. तेथे चर्चच्या प्रांगणाला लागून ब्रागांझा घराण्याचा दुमजली वाडा उभा आहे. दर्शनी भागी खिडक्यांची लांबच लांब रांग. आत नृत्यशाला, झुंबरे, चिनी मातीची पात्रे आणि खासगी प्रार्थनागृह. हे वैभव पाहून कोणासही वाटावे की, येथे परकीय सत्तेशी केवळ निष्ठाच नांदली असेल.

इतिहास मात्र निराळेच सांगतो. या घराण्यातील लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) यांनी ग्रंथसंग्रह जोपासला आणि लेखणी हाती घेतली. १९०० साली निघालेल्या ‘ओ हेराल्दो’ या गोव्यातील पहिल्या पोर्तुगीज दैनिकाच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. १९३० साली पोर्तुगालने वसाहतींना जखडणारा कायदा केला, तेव्हा गोव्याच्या विधिमंडळात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव त्यांनीच मांडला. याच चांदर गावी १८९१ साली जन्मलेल्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी १९२८ साली गोवा काँग्रेस समिती स्थापिली. १९४६ साली त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात बंदिवास घडला. १९५८ साली मुंबईत त्यांचे निधन झाले; १९६१ची मुक्ती त्यांना पाहावयास मिळाली नाही. राज्यकर्त्यांनी आपली भाषा दिली ती निष्ठेसाठी. त्याच भाषेत त्यांना जाब विचारला गेला.

तथापि, एक गोष्ट विसरता कामा नये. गोव्यातील अशा वाड्यांचे ऐश्वर्य बहुतांशी जमिनीवर पोसले गेले, आणि ती जमीन कसणाऱ्यांची नावे कोणत्याही दिवाणखान्यात कोरलेली नाहीत. १९६४च्या कूळकायद्याने त्यांना संरक्षण दिले, ते न्याय्यच झाले. मात्र जमिनीचे उत्पन्न आटल्यावर एवढी छपरे शाकारण्याचा भार वंशजांवर येऊन पडला. सरकारी स्मारकांना सरकारचे संरक्षण असते. राहत्या घराला घरच्यांचाच आधार. म्हणून झुंबरे पाहून परतणाऱ्याने ग्रंथांच्या कपाटांपुढे क्षणभर थांबावे. या वाड्याचे खरे वैभव तेथे आहे.