विश्लेषण: एसएसडीने चुकीची माहिती दिली, तर लिनक्स तुमचा डेटा कसा वाचवतं?

संगणक सुरू होताच त्यातली एसएसडी कर्नेलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, स्वतःची ओळख करून देते. मॉडेल कोणतं, फर्मवेअर कोणतं, कोणती कामं जमतात, हे सगळं ती सांगते. पण यातली एखादी गोष्ट खोटी निघाली तर? तुमच्या फाइल्स खराब होऊ शकतात. उपकरणांच्या अशा खोडींना 'क्वर्क' म्हणतात आणि लिनक्स कर्नेल त्यांची यादीच ठेवतं.

नेमका घोळ काय होता?

फाइल डिलीट केली, तरी ती जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला आपोआप कळत नाही. ते सांगणारी आज्ञा म्हणजे 'ट्रिम'. साटा ड्राइव्हमध्ये वाचन-लेखनाच्या ३२ आज्ञा एकाच वेळी रांगेत राहू शकतात. साधा ट्रिम मात्र या रांगेत बसत नाही. त्याच्यासाठी आधी रांग रिकामी करावी लागते आणि बाकीची कामं खोळंबतात. म्हणून साटा ३.१ मध्ये रांगेत चालणारा 'क्यूड ट्रिम' आला.

काही ड्राइव्ह 'हे आम्हाला जमतं' असं सांगत, पण प्रत्यक्षात ही आज्ञा नीट पाळत नसत. क्रुशल एम५००, सॅमसंग ८४० आणि ८५० या मालिका त्यामुळे यादीत गेल्या. २०२१ मध्ये सॅमसंग ८६० आणि ८७० यांचीही भर पडली.

कर्नेल काय करतं?

मॉडेलचं नाव यादीशी जुळलं, की कर्नेल त्या ड्राइव्हसाठी फक्त क्यूड ट्रिम बंद करतं. साधा ट्रिम सुरूच राहतो. थोडा वेग जातो, पण डेटा सुरक्षित राहतो.

नोंद नेमकी असणं महत्त्वाचं. क्रुशल एमएक्स१०० साठी ही बंदी फक्त 'एमयू०१' या फर्मवेअरला लागू आहे. नोंद फार व्यापक केली तर चांगले ड्राइव्ह विनाकारण मंदावतात; फार अरुंद केली तर कुणाचा तरी डेटा जातो.

दोष नेहमी उपकरणाचाच असतो का?

नाही. २०१५ मध्ये अल्गोलिया या सर्च कंपनीच्या सर्व्हरवरच्या फाइल्स खराब होऊ लागल्या. संशय सॅमसंगच्या एसएसडींवर गेला. पण तिथे क्यूड नव्हे, साधा ट्रिम वापरात होता. सॅमसंगच्या अभियंत्यांनी तपास केला, तेव्हा चूक लिनक्सच्याच रेड यंत्रणेच्या कोडमध्ये सापडली. अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याचं काम ही यंत्रणा करते. तेव्हा ड्राइव्हवर ठपका ठेवून विषय संपवला असता, तर खरी चूक कर्नेलमध्ये तशीच राहिली असती. म्हणूनच यादीत नाव घालण्याआधी पुरावा लागतो.

तुम्ही काय करावं?

कर्नेल आणि एसएसडीचं फर्मवेअर अपडेट ठेवा. नव्या क्वर्कची नोंद कर्नेलच्या अपडेटमधूनच तुमच्यापर्यंत पोहोचते. आणि बॅकअप घ्याच. कारण यादीत नोंद होते ती बहुतेकदा कुणाचं तरी नुकसान झाल्यानंतरच.