हवेवांचून जीवन

दह्याचा चक्का बांधावा आणि खालीं गळलेली निवळी ओतून द्यावी, हा घरोघरचा परिपाठ आहे. युरोपांतील चीज करणाऱ्या गांवींही ही निवळी डुकरांना घालीत किंवा फेंकून देत. दहा लिटर दुधामागें चीज मिळतें सुमारें एक किलो. बाकी सारी निवळीच. तींत मात्र शेंकडा चार ते पांच भाग दुग्धशर्करा असते, आणि ती आंबतांना काय घडतें याच्या शोधांतून जीवनाविषयींची एक जुनी कल्पना पालटली.

१७८० सालीं स्वीडनमधील रसायनज्ञ शेले यानें आंबट निवळींतून दुग्धाम्ल वेगळें काढलें. तें कशामुळें उत्पन्न होतें हें मात्र गूढच राहिलें. आंबणें ही कुजणाऱ्या द्रव्याची निर्जीव क्रिया होय, असें लीबिगसारखे थोर शास्त्रज्ञही मानीत. तें सूक्ष्म जीवांचें कार्य आहे, हें लुई पाश्चर यानें १८५७ मध्यें लील येथें दाखवून दिलें.

पुढें दुग्धाम्लाच्या क्षारापासून खवट लोण्याच्या दर्पाचें ब्युटिरिक अम्ल कसें बनतें, हें तो पाहूं लागला. १८६१ सालीं त्या द्रवाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला असतां मध्यभागींचे जंतु चपळपणें हालतांना दिसले. हवेचा स्पर्श झालेले कडेचे जंतु निश्चल पडले होते. द्रवांतून हवा सोडली असतां आंबणेंच बंद पडलें. प्राणवायूवांचून प्राण नाहीं, ही समजूत तेथें ढासळली. हवेंत जगणारे आणि हवेवांचून जगणारे अशा दोन वर्गांस त्यानें १८६३ मध्यें नांवें दिलीं.

दह्याचे जंतु या दोहोंच्या मधले. त्यांना प्राणवायु लागत नाहीं, पण थोडाफार सोसतो; हवा फार खेळली तर त्यांतील कांहीं जाती दुग्धाम्ल कमी व शिरक्याचें अम्ल अधिक करूं लागतात. ब्युटिरिक जंतु हवेंत मरतात, परंतु त्यांचे बीजाणु टिकून राहतात आणि चीजच्या निर्वात पोटांत जागे होऊन तें फुगवून फोडतात.

या ज्ञानाची किंमत नदीकांठीं कळते. निवळी नदींत सोडली, तर तेथील जंतु ती शर्करा खातां खातां पाण्यांतला प्राणवायु संपवितात आणि मासे गुदमरतात. तीच निवळी बंद टाकींत योग्य जंतूंच्या हवालीं केली, तर तिच्यापासून उपयुक्त दुग्धाम्ल मिळतें.