म्हणे अमुक म्हणाले!

पनवेलच्या हिरानंदानी फॉर्च्यून सिटीत 2020 साली ‘योट्टा’ कंपनीचे एनएम1 हे डेटा सेंटर सुरू झाले. क्षमता 7,200 रॅकची. अशा रॅकांतल्या सर्व्हरांवर जगभर मुख्यत्वे लिनक्स चालते. लिनक्सचे घराणे युनिक्सचे, आणि त्या घराण्यात एक अगदी बिनकामाचा प्रोग्राम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याचेही नाव, योगायोगाने, ‘फॉर्च्यून’. टर्मिनलवर हा एक शब्द टाइप केला की समोर एखादे सुभाषित, विनोद नाहीतर चमकदार वाक्य येते आणि त्याखाली दोन आडव्या रेघांनंतर बोलणाऱ्याचे नाव. पुन्हा टाइप केले की दुसरे. अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांत जेवणानंतर बिस्किटातून भविष्याची चिठ्ठी निघते, त्यावरून हे नाव पडले.

1979 च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत हा प्रोग्राम खेळांच्या फोल्डरमध्ये होता. पुढे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात केन आर्नल्ड यांनी तो नव्याने लिहिला. 1995 मध्ये एमी लुइस यांनी त्यावर हात फिरवून ‘फॉर्च्यून-मॉड’ केला, आणि डेबियनसारख्या लिनक्स वितरणांतून तो सर्वदूर गेला. अलीकडे इस्रायलचे श्लोमी फिश त्याची देखभाल करतात. प्रोग्राम छोटा आणि त्याचा डेटा त्याहून साधा: एक मजकूर फाइल, तीत एकाखाली एक वचने आणि दोन वचनांच्या मध्ये एका ओळीवर फक्त टक्क्याचे चिन्ह. ज्याला जे आवडले ते त्याने भरले. कुणी पुस्तकातून घेतले, कुणी यूजनेट या जुन्या चर्चाजाळ्यावर कुणाच्या सहीखाली वाचलेले उचलले, तर कुणी नुसते आठवणीतून लिहिले.

गफलत झाली ती इथे. वाक्य बहुधा बरे असायचे, त्याखालचे नाव मात्र हवेतले. एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर, आणि टोपी जितकी चमकदार तितके डोके प्रसिद्ध.

अशा संग्रहांत हमखास भेटणारे एक वाक्य बिल गेट्स यांच्या नावावर आहे: 640 के एवढी मेमरी कुणालाही पुरे. खाली साल 1981. आकडा खरा आहे. त्या वर्षी आलेल्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर एक मेगाबाइटपर्यंतची मेमरी ओळखत असे आणि त्यातले 640 के प्रोग्रामांसाठी मोकळे ठेवले होते. मात्र गेट्स असे बोलल्याचा त्या काळातला एकही पुरावा सापडलेला नाही, आणि 1996 मध्ये त्यांनी स्वतः साफ इन्कार केला. तरी वाक्य काही मरत नाही.

दुसरे उदाहरण याहून मजेदार. शोध लागायचे तेवढे लागून चुकले, असे अमेरिकेच्या पेटंट खात्याचे प्रमुख चार्ल्स ड्युएल 1899 मध्ये म्हणाले म्हणे! ज्या माणसाचे ऑफिस नव्या शोधांच्या अर्जांवर चालते, तो असे कशाला म्हणेल? 1940 मध्ये अभ्यासक एबर जेफरी यांनी या कथेच्या आधीच्या रूपांचा माग काढला, तेव्हा हाताला काहीच लागले नाही. पुढे त्याच अर्थाचे वाक्य सापडले ते ‘पंच’ या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकाच्या 1899 च्या वार्षिकांकात, तेही एका पोऱ्याच्या तोंडी. विनोदाला कुणीतरी सरकारी हुद्दा चिकटवला.

भारतीय नावेही यातून सुटली नाहीत. जगात जो बदल पाहायचा तो स्वतः व्हा, हे वाक्य गांधीजींच्या नावाने टी-शर्टांपासून शाळांच्या भिंतींपर्यंत पोचले आहे. त्यांच्या लेखनात ते या शब्दांत मिळत नाही. स्वतः बदललो तर जगाचे वळणही बदलेल, अशा आशयाचे विवेचन ‘इंडियन ओपिनियन’मध्ये 1913 साली त्यांनी केले होते. घोषवाक्याचा घाट त्याला कित्येक वर्षांनी आला, आणि त्याच्या जवळचे शब्द 1974 मध्ये आर्लीन लॉरन्स या अमेरिकी शिक्षिकेच्या लेखनात दिसतात. इथे दुरुस्ती करणाऱ्यापुढे खरा पेच असतो. विचार गांधीजींचा, शब्द दुसऱ्याचे. मग खाली नाव कुणाचे लिहायचे?

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात याचा निकाल लावण्याची रीत ठरून गेली आहे. चूक दिसली की आधी नोंद करायची: कोणते वाक्य, कुठे चुकले, पुरावा काय. त्यानंतर पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल, पाठवायचा. ही रीतही युनिक्सच्याच घरची. दोन फाइलींतला फरक दाखवणारा ‘डिफ’ हा प्रोग्राम युनिक्स जिथे जन्मले त्या बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकइलरॉय आणि जेम्स हंट यांनी केला. युनिक्सच्या 1974 च्या पाचव्या आवृत्तीत तो आला. तो फरक वापरून जुनी फाइल आपोआप सुधारणारा ‘पॅच’ 1985 मध्ये लॅरी वॉल यांनी लिहिला. डिफमध्ये जुनी ओळ उणे चिन्हासह आणि नवी अधिक चिन्हासह, दोन्ही जवळजवळ दिसतात. म्हणजे दुरुस्ती चुकीला पुसत नाही. चूक काय होती, कुणी, कधी आणि का बदलली, हे पुढच्याला वाचता येते.

हा विचार मराठीला नवा नाही. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण नकलाकारांच्या हातून तोवर पाठ बिघडला होता. त्यानंतर कुणी आपल्या ओव्या त्यात घालू नयेत, अशी सक्त ताकीदही त्यांनी देऊन ठेवली. पण एकनाथांनी नेमके काय बदलले, हे त्यांच्या प्रतीवरून कळत नाही. म्हणून तीनशेवर वर्षांनी, 1909 मध्ये, वि. का. राजवाडे यांनी एकनाथांच्या आधीची म्हणून एक हस्तलिखित प्रत छापली, आणि तिच्या अस्सलपणावर अभ्यासकांचे वाद झडले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढताना पाठभेद पानाखाली छापले, ते याचसाठी. डिफ तेच करतो, फक्त ओळीओळीने आणि आपोआप.

फॉर्च्यूनमध्ये दुरुस्तीचा आणखी एक पेच आहे, आणि देवनागरीत तो लगेच डोळ्यांत भरतो. फाइल मोठी असली तरी वाक्य झटकन मिळावे म्हणून ‘स्ट्रफाइल’ हा सोबतचा प्रोग्राम अनुक्रमणिकेची वेगळी फाइल तयार करतो. तीत मुख्यतः प्रत्येक वचन कितव्या बाइटला सुरू होते, याचे आकडे असतात. यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर, मात्रा किंवा अनुस्वार तीन बाइट घेतो. समजा, एका म्हणीत जुन्या वळणाचे ‘नांव’ होते आणि 1962 च्या लेखननियमांप्रमाणे कुणी ते ‘नाव’ केले. एक टिंब गेले, तीन बाइट कमी झाले. अनुक्रमणिका नव्याने काढली नाही, तर पुढची सगळी वचने तीन बाइट उशिरा सुरू होतात. ‘अति तेथे माती’ची ‘ति तेथे माती’ होते. ‘थेंबे थेंबे तळे साचे’मधला पहिला थ गळून नुसती मात्रा उरते, आणि ती टेकायला अक्षर नसल्याने पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते. म्हणून शहाणा दुरुस्तीकार मजकूर बदलला की स्ट्रफाइल चालवल्याशिवाय उठत नाही.

मराठी वचनांची अशी फाइल कुणी पनवेलला बसून करायला घेतली, तर पहिली अडचण त्याला आपल्याच रायगड जिल्ह्यात भेटेल. पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. फेब्रुवारी 1670 मध्ये ते कोंढाण्यावर पडले, आणि ‘गड आला पण सिंह गेला’ हे शब्द शिवाजी महाराजांचे म्हणून शाळकरी मुलालाही पाठ असतात. किल्ल्याला सिंहगड हे नाव त्यावरूनच पडले, असेही सांगतात. पण 1663 च्या महाराजांच्या एका पत्रात ‘सिंहगड’ हे नाव आधीच येते. कृष्णाजी अनंत सभासदाने 1697 मध्ये लिहिलेल्या बखरीत महाराजांच्या तोंडी दुःखाचे वाक्य आहे खरे, पण त्यात एक गड मिळाला आणि तानाजींच्या रूपाने दुसरा गेला, असे म्हटले आहे. तिथे सिंह नाही. सिंहाचे हे वाक्य हरि नारायण आपटे यांच्या याच नावाच्या कादंबरीने घरोघर पोचवले.

मग खाली काय लिहायचे? नुसते महाराजांचे नाव लिहिले तर पुरावा तोकडा पडतो, आणि वाक्यच काढले तर वाचकाला आपले काहीतरी हिरावल्यासारखे वाटते. फॉर्च्यूनच्या रिवाजाप्रमाणे मधला मार्ग असा: वाक्य आहे तसे ठेवायचे, श्रेयाच्या ओळीत ‘लोकप्रचलित वचन’ म्हणून आपट्यांच्या कादंबरीचा उल्लेख करायचा आणि पॅचसोबतच्या टिपणात 1663 चे पत्र व सभासद बखर, दोन्ही नोंदवायची. मग स्ट्रफाइल चालवायचे.