दहा मिनिटांचा इंटरव्ह्यू

माझा मावसभाऊ सध्या कॅनडात शिकतोय. परवा फोनवर म्हणाला, "दादा, इंटरव्ह्यू झाला!" कुठे? तर एका सुपरमार्केटमध्ये, रॅकवर माल लावायच्या कामासाठी. प्रश्न काय? रात्रपाळी चालेल का, जड खोकी उचलशील का, शनिवार-रविवार येशील का. दहा मिनिटांत खेळ खल्लास! आमच्या पाच-पाच राउंडवाल्या जमातीला हसू येणारच. मीही हसलो. मग रविवारी या कामाचा इतिहास वाचत बसलो, शेजारच्या अमेरिकेत पोचलो आणि हसू आवरलं.

शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतलं किराणा दुकानही आपल्या वाण्यासारखंच असायचं. गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे, माल पलीकडे. नोकर एकेक जिन्नस काढून द्यायचा. १९१६ साली मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्सने 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं. टोपली घ्या, आत शिरा, हवं ते स्वतः उचला, बाहेर पडताना पैसे द्या. १९१७ मध्ये त्याने या मांडणीचं चक्क पेटंट मिळवलं! आता माल रॅकच विकणार, फक्त रॅक भरलेला हवा. रॅक भरण्याला असं महत्त्व आलं.

पण दुकानात काम मागायला गेल्यावर विचारणार कोणाला?

वॉशिंग्टन शहरात सॅनिटरी ग्रोसरी कंपनीची बरीच दुकानं होती. १९२८ पासून ती सेफवेच्या मालकीची. तिथल्या कृष्णवर्णीय तरुणांनी १९३३ मध्ये 'न्यू निग्रो अलायन्स' ही संघटना उभी केली. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमच्या वस्तीतल्या दुकानात आमचे पैसे चालतात, मग काउंटरवर आमची माणसं का चालत नाहीत? कंपनी बधली नाही. मग एके दिवशी एका दुकानासमोर एक माणूस फलक घेऊन फेऱ्या मारू लागला. जिथे काम मिळतं तिथेच खरेदी करा, अशा अर्थाचा फलक. बस्स, एवढंच.

कंपनी कोर्टात गेली आणि मनाई हुकूम मिळवला. खालच्या कोर्टांचं म्हणणं, हे ना कंपनीचे कामगार, ना युनियन. मग हा कामगारांचा वाद कसा? प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २८ मार्च १९३८ ला निकाल लागला. न्यायमूर्ती ओवेन रॉबर्ट्स यांनी लिहिलं त्याचं सार असं: वंशामुळे काम नाकारणं हाही नोकरीच्या अटींचाच वाद आहे, आणि १९३२ च्या कायद्याने अशा शांततापूर्ण निदर्शनांना संरक्षण आहे. मनाई हुकूम रद्द!

म्हणून लगेच सगळी दारं उघडली असं मुळीच नाही. खाजगी नोकऱ्यांत वंशभेदाला देशभर बंदी घालणारा कायदा यायला १९६४ साल उजाडलं.

विचार करा, ही सगळी लढाई मॅनेजर व्हायची तर होतीच, पण साध्या विक्रेत्याच्या जागेसाठीही होती. "जड खोकी उचलशील का?" हा प्रश्न आपल्यालाही कोणीतरी विचारावा म्हणून माणसं रस्त्यावर उभी राहिली, कोर्टाच्या पायऱ्या चढली. प्रश्न विचारणं म्हणजे समोरच्याला उमेदवार मानणं. ज्यांना प्रश्नच विचारला जात नाही, त्यांना नापासही होता येत नाही.

मावसभावाला काल फोन केला. सोमवारपासून रुजू होतोय. या वेळी चिडवलं नाही, नुसतं अभिनंदन केलं. त्यालाच संशय आला, "दादा, बरा आहेस ना?"