गुलाम याझदानी आणि अजिंठ्याच्या चित्रांचे जतन

परभणी जिल्ह्यातील राणीसावरगावापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंतचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात मोडत असे. त्या राज्यात १९१४ साली पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि त्याची सूत्रे गुलाम याझदानी (१८८५–१९६२) यांच्याकडे आली. याझदानी हे मूळचे अरबी-फारसीचे पंडित. तथापि त्यांचे चिरस्थायी कार्य घडले ते अजिंठ्याच्या बौद्ध लेण्यांत.

ही भित्तिचित्रे त्या वेळी दुहेरी संकटात होती. चिखल, भुसा व वनस्पतीचे तंतू यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन ती रंगविलेली असल्याने गिलावा खडकापासून सुटत चालला होता. त्यातच नकलाकारांनी रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर वार्निश चढविले होते. एवढी किंमत देऊन केलेल्या नकलाही टिकल्या नाहीत. रॉबर्ट गिल याच्या बहुतेक नकला १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या आणि जॉन ग्रिफिथ्स याच्या अनेक नकला १८८५ साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या.

याझदानींनी या अनुभवाचा बोध घेतला. १९२० ते १९२२ या काळात त्यांच्या खात्याने लोरेन्झो चेकोनी व काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण करून सुटलेला गिलावा खडकास पक्का करविला. नकलेसाठी त्यांनी कुंचल्याऐवजी कॅमेऱ्याचा आश्रय घेतला. छायाचित्रणावर आधारलेला त्यांचा ‘अजंता’ हा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाला. चित्राला स्पर्श न करता त्याचे रंग व रेषा अभ्यासकापुढे ठेवण्याचा हा मार्ग होता. कथावस्तूची ओळख, वेशभूषेचे वर्णन व शैलीची चर्चा या साऱ्यांना त्याचाच आधार मिळाला.

इटालियन उपचारांत वापरलेली लाखेची द्रावणे मात्र कालांतराने पिवळी पडली व पुढील रसायनशास्त्रज्ञांना ती काढण्याचे कष्ट घ्यावे लागले. म्हणून ते कार्य चुकीचे होते, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. गिलावा पक्का केला नसता, तर स्वच्छ करावयास पुष्कळशी चित्रे उरलीच नसती. त्याचबरोबर, आजचा उपाय उद्या काढून टाकता आला पाहिजे, हा संरक्षणशास्त्राचा नियम किती मोलाचा आहे, हेही या प्रकरणावरून स्पष्ट होते.

१९५९ साली याझदानींना पद्मभूषण पुरस्कार मिळाला आणि १९६० साली त्यांनी संपादिलेला दख्खनच्या प्राचीन इतिहासाचा ग्रंथ प्रकाशित झाला. शिलालेखाचे वाचन, गिलाव्याची परीक्षा आणि चित्राचे रसग्रहण ही तीन कामे त्यांच्या ठायी एकवटली होती. कलेच्या इतिहासकाराला तिच्या द्रव्याचेही ज्ञान हवे, हा त्यांच्या कार्याचा इत्यर्थ होय.