खुर्ची डळमळली, दवाखाना टिकला

घरात पैसा कमी असला की बाईचं औषधपाणी मागं पडतं. ब्रिटनमध्येही तसंच होतं. १९११ च्या विमा कायद्यानं कामगाराला डॉक्टर मिळाला, पण त्याच्या बायको-मुलांना बहुधा नाही.

५ जुलै १९४८ ला पंतप्रधान अ‍ॅटली यांच्या सरकारनं सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. खर्च मुख्यतः करातून. जर्मनीत १८८३ पासून कामगार आणि मालक मिळून वर्गणी भरत. फ्रान्समध्ये रोगी आधी पैसे भरी, मग बराचसा भाग परत मिळे.

१९५० च्या निवडणुकीत अ‍ॅटलींचं बहुमत जेमतेम ५ जागांवर आलं. त्यात कोरियाचं युद्ध पेटलं, शस्त्रांचा खर्च वाढला. १९५१ मध्ये चष्म्याला आणि कवळीला पैसे लावायचं ठरलं. अ‍ॅटली तेव्हा स्वतःच इस्पितळात होते. ही सेवा उभारणारे मंत्री बेव्हन यांनी राजीनामा दिला. ऑक्टोबरात सरकार गेलं.

नव्या चर्चिल सरकारनं औषधाच्या चिठ्ठीला १ शिलिंग लावला, पण डॉक्टरची तपासणी मोफतच ठेवली. घरोघरी पोचलेली सेवा मोडणं सोपं नव्हतं.

म्हणून मैत्रिणींनो, आरोग्य केंद्रात नवी फी लागली, तर ती कोणाला जड जाईल, हे ग्रामसभेत आपणच विचारायचं.